सोमवारी भांडू

कुंदा,

तू लावलेली पट्टी तू गेल्यावरही फिरत होती. हे तुला सांगायला कोणी आलं नसेल, म्हणून आधी तेच सांगते.

सोमवारी सकाळी तू गच्चीवर जाऊन यंत्राला किल्ली दिलीस, चाकावर नवी चिकट पट्टी चढवलीस आणि गुरुवारी तू गेलीस. माणसं आली, रडली. तुझी मधुरा बंगळूरहून मिळेल त्या विमानाने धावत आली. आपल्या जिन्यात चपलांचा ढीग झाला. वर गच्चीत तुझं ते यंत्र मात्र इमानेइतबारे हवा ओढत बसलं होतं. त्याला कोण सांगणार? त्याने शुक्रवार ओढला, शनिवार ओढला, रविवारही ओढला. सोमवारी उठल्यावर मला आठवलं, आज पट्टी उतरवायची. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना मी मध्ये बसत बसत चढले, झाकण उघडलं आणि चाक तुझ्या स्टीलच्या गोल डब्यात ठेवलं. तेव्हापासून तो डबा माझ्या शिलाईच्या टेबलावर होता. कालपर्यंत उघडला नव्हता.

धीर होत नव्हता. कारण आपलं शेवटचं बोलणं त्या पट्टीवरच थांबलंय. बुधवारी संध्याकाळी गॅलरीत आपण कडाकडा भांडत होतो. मध्येच तू हात वर केलास आणि म्हणालीस, "पुरे आता. सोमवारी पट्टी उतरवते, मग भांडू."

भांडण वावळाचं. आपल्या फाटकाशेजारच्या त्या उंच झाडाचं. आणि त्या झाडाशी माझी ओळखही तूच करून दिलेलीस, हे विसरू नकोस.

आम्ही घाटकोपर सोडून मुलुंडला नुकते आलो होतो. लिफ्ट बंद होती. मी भाजीची पिशवी टाकून दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली, छातीत शिट्ट्या वाजताहेत, श्वास आत जातोय पण बाहेर यायचं नाव घेत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांचे सल्ले चालले होते, पाणी प्या, लिंबू हुंगा, रामनाम घ्या. तू आलीस, शेजारी टेकलीस, पाठीवर हात ठेवलास आणि विचारलंस, "दरवर्षी याच दिवसांत होतं का हो तुम्हाला?" मी नुसती मान हलवली. तू जिन्याच्या जाळीतून बाहेर बोट दाखवलंस. "मग तो बघा तुमचा चोर."

बाहेर एक भुंडं झाड उभं होतं. पान नाही, रंग नाही. फांद्यांना काहीतरी हिरवट-तपकिरी चिकटल्यासारखं दिसत होतं, ती फुलं आहेत हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. मला वाटलं, बाई सरकलेली आहे. इथे माझा जीव चाललाय आणि ही मला झाड दाखवतेय.

तू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेस, हे नंतर कळलं. वावळासारखी झाडं फुलपाखरांच्या भरवशावर राहत नाहीत, आपला पराग सरळ वाऱ्यावर सोडून देतात आणि तो माझ्यासारखीच्या नाकातोंडात जातो, हे त्याहून नंतर. मी घरी बसून ब्लाउज शिवणारी. मला कटोरी आणि प्रिन्सेस कट कळतो. पण तू मला ते सगळं असं समजावलंस, जणू शेजारच्या घरातलं गुपित सांगते आहेस.

मग कॉलेजने मोडीत काढलेलं ते यंत्र तू टेम्पोत घालून आणलंस. एका बारीक फटीतून ते हवा आत ओढतं, आत चिकट पट्टीचं चाक सावकाश फिरतं, आठवड्यात एक फेरा. हवेत जे असेल ते पट्टीला चिकटतं. एवढंच त्याचं काम. पण सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई हादरले होते. "बेन, ये मोबाइल का टॉवर तो नहीं है ना? रेडिएशन का लफडा नहीं चाहिए." तू म्हणालीस, "टॉवर नाही हो मेहताभाई. नाक आहे. बिल्डिंगचं नाक." त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी तेच नाव झालं. प्लंबरसुद्धा विचारायचा, नाकाच्या बाजूची टाकी गळतेय की पलीकडची.

दर सोमवारी तू चाक घेऊन माझ्याकडे यायचीस. पट्टी कापायला तुला माझीच कात्री लागायची. "मी कापली की शुक्रवार शनिवारात घुसतो," म्हणायचीस. मी टेबल ओल्या फडक्याने पुसायचे, पंखा बंद, नाकाला ओढणी. एकेका दिवसाचा तुकडा सरळ कापून द्यायचे. तू तो काचेवर ठेवून त्यावर गुलाबी जेलीचा थेंब सोडायचीस. वर पातळ काच, आणि कडेने नेलपॉलिश, म्हणजे हवा जात नाही. उभ्या जन्मात स्वतःच्या नखांना लावलं नाहीस, आणि दुकानदार तुला बघितल्याबरोबर बाटली काढून ठेवायचा. पराग ती जेली पिऊन गुलाबी होतो, धूळ काळी ती काळीच राहते. हे मला सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी म्हटलं, अय्या, माणसांसारखंच की. तू म्हणालीस, उगाच मोठं बोलू नकोस, डोळा लाव.

माझ्या वाट्याला दुसरं एक काम होतं. रोज सकाळी प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकायचं, काटा कुठवर गेला तो आकडा गॅलरीत येऊन ओरडायचा. शेजारच्या गॅलरीतून तुझं "हं" यायचं. तुझी पट्टी आणि माझी फुंकर, दोन्ही जुळवून तू सांगायचीस, माझ्या छातीला काय चालतं आणि काय नाही. औषधाचा पंपही तुझ्यामुळेच सुरू झाला. आमच्याकडे पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला अशी समजूत. तू म्हणालीस, "चष्मा लावतेस ना सुई ओवायला? मग हा छातीचा चष्मा समज." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, कुंदा.

सोमवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर तुझा निरोप यायचा. वावळ जोरात आहे, सकाळी उन्हं वर येईपर्यंत खिडक्या बंद, कपडे आत वाळवा, दम्यावाल्यांनी पंप जवळ ठेवा. पुढे आजूबाजूच्या बिल्डिंगांतले लोकही त्या ग्रुपात घुसले. मी चिडवायचे, "गेल्या आठवड्याची हवा आज सांगतेस. शिळी हवा." तू म्हणायचीस, "शिळं ते शिळं. तेवढ्यावरूनच पुढचं कळतं. झाडाला काय तुझ्यासारखं, आज एक उद्या दुसरं?"

माझी हवा ताजी असायची, ते सोड. आपल्या मागचा डोंगर सकाळी स्वच्छ दिसला तर खिडकी उघडायची, नाही दिसला तर लावायची, हे माझं शास्त्र. त्याला किल्ली द्यावी लागत नाही. यावर तू हसायचीस, पण उठल्यावर आधी डोंगराकडे बघायचीस, मी पाहिलंय.

आणि ती दसऱ्याची गंमत. यंत्र आल्यानंतरचा पहिलाच दसरा. सोमवारी पट्टी काचेवर घेतलीस आणि ओरडलीस, "मालू, वाट लागली!" दसऱ्याच्या दुपारपासून पुढे नुसते काटेरी गोळे. गुलाबी, गोल, अंगभर काटे. गाजरगवताच्या जातकुळीतले, पण त्याहून मोठे. तू ठरवलंस, जवळपास काहीतरी नवं रान माजलंय. ग्रुपवर लाल अक्षरांत इशारा टाकलास. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. तू मला घेऊन नाल्याच्या कडेने, रिकाम्या प्लॉटांतून, पार हायवेपर्यंत हिंडलीस. माझ्या चपला चिखलात गेल्या. काही मिळालं नाही. परत आलो तेव्हा खाली पंपाचं आणि लिफ्टचं बघणारे भालेराव उभे. तू त्यांना विचारलंस, इकडे कुठे पिवळ्या फुलांचं गवत दिसलं का. ते म्हणाले, "गवत नाय बा मॅडम. फुलं म्हणाल तर मी दसऱ्याला सगळ्या मशिनींना हार घातले. लिफ्टला, पंपाला, मीटरला. आणि तुमच्या नाकाला. झेंडूचा, चांगला जाड. सुकल्यावर काढला."

तू पायरीवर बसलीस आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. मी म्हटलं, आता ते तुकडे टाकून दे, खोटे आहेत. तू एकदम गंभीर झालीस. "खोटे कसे? त्या दिवशी तिथे झेंडू होता ना? होता. मग पट्टीवर आहे ते आहे. आपल्याला नको म्हणून काढून टाकायचं नाही." पुढे दर दसऱ्याला भालेरावांना तूच आठवण करायचीस, नाकाला हार घाला म्हणून. आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवून विचारायचीस, सांग हा कोण. झेंडू, मी म्हणायचे. तेवढा एकच पराग मला ओळखता येतो. इतक्या वर्षांत एक.

मग बघता बघता आजूबाजूला हिरवी कापडं चढली. ही बिल्डिंग पाडली, ती पाडली, समोरची उभी राहतेय, मागची खणली. तुझ्या काचा काळ्या यायला लागल्या. गुलाबी शोधायला तुला डोळे बारीक करून तास तास बसावं लागायचं. पराग दिसला तरी त्याला काळी पूड चिकटलेली, लाडवाला तीळ चिकटावेत तशी. तू म्हणायचीस, हा आता निव्वळ वावळ राहिलेला नाही, हा धुळीत माखलेला वावळ आहे, जास्त टोचणार. आणि खरंच टोचायचा. माझे आकडे खाली आले. पूर्वी वावळापुरती महिनाभर आजारी असायचे, ती आता दिवाळीपासून होळीपर्यंत.

यंदा आपली बिल्डिंगही त्या रांगेत लागली. नव्या नकाशात गाड्यांचा उतार नेमका वावळावर आला. मेहताभाई माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही, माझ्यासाठी अर्ध्या रात्री ऑक्सिजनचं सिलिंडर आणलेला माणूस. म्हणाले, "बेन, आपकी तबियत का सवाल है. आपण लिहून द्या की या झाडाने त्रास होतो. कुंदाबेन आपल्या काचांचं लिहून देतील. झाड तोडायची परमिशन लगेच मिळेल." मी हो म्हटलं. का नको म्हणू? तूच दाखवलेला चोर होता तो.

आणि तू नाही म्हणालीस.

मला अजून राग येतो, सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून माझा राग गेलेला नाही. बुधवारी मी तुला गॅलरीतून विचारलं, "तूच म्हणाली होतीस ना, चोर तो आहे?"

"म्हणाले होते. महिनाभर चोरी करतो. बाकीचे अकरा महिने तोच फाटकात उभा राहून धूळ अंगावर घेतो, त्याचं काय?"

"तुझ्या काचा काय म्हणतात? वावळ नाही म्हणतात?"

"वावळ आहे म्हणतात. तेही लिहून देते. पण दिवाळीत तू आडवी झालीस तेव्हा काचेवर एक वावळ नव्हता, मालू. नुसतं काळं. तेही लिहिणार असतील तर देते. अर्धं लिहून देणार नाही."

"तुझं सगळं खरं गं. पण श्वास माझा जातो ना!"

यावर तू खाली बघत राहिलीस, त्या झाडाकडे. मग हात वर केलास आणि म्हणालीस, सोमवारी पट्टी उतरवते, मग भांडू. या आठवड्याचे माझे आकडे आणि ही पट्टी शेजारी ठेवून सोक्षमोक्ष लावायचा तुझा बेत होता. मी फटकन दार लावून घेतलं. रोजच्या भांडणात लावते तसंच.

गुरुवारी सकाळी मी फुंकलं, गॅलरीत आले, आकडा ओरडले. "हं" आलं नाही. मला वाटलं, फुगलीस. फुगू दे, म्हटलं, सोमवारी बघू. तू तेव्हा स्वयंपाकघरात खाली पडलेली होतीस. गॅस बंद केलेला, चहा गाळायचा राहिलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, कुणाला काही करता आलं नसतं. म्हणजे मी ओरडले तेव्हा ऐकायला तू होतीस की नव्हतीस, हे मला कधीच कळणार नाही. कुंदा, हे मला फार जड जातंय. शिट्ट्या वाजणारी छाती माझी, पंप माझा, सिलिंडर माझं. जायचा नंबर माझा होता. तुला तर कधी साधी सर्दी नव्हती.

तुला न्यायची वेळ झाली तेव्हा मी दाराशीच थांबले. धुरात मी जायचं नाही, ही तुझीच सक्ती. होळीला बाहेरून कडी लावायचीस मला. मला वाटलं, इथूनच हात जोडावेत. मधुरा परत आली. म्हणाली, "मालूमावशी, चला. धूर नाहीये. आईने केव्हाच सांगून ठेवलंय, मला विद्युतदाहिनीतच न्या. लाकडांवर नेलंत तर मालूला येता यायचं नाही."

कुंदा, तू हे केव्हा सांगितलंस तिला? मला एका शब्दाने बोलली नाहीस. आपण झाडावरून भांडत होतो तेव्हा हे ठरलेलं होतं? जिवंतपणी तर राखलासच माझा श्वास, पण आपल्या जाण्यात सुद्धा माझ्या श्वासाची सोय करून ठेवतं का कुणी? मी आले तुझ्याबरोबर, शेवटपर्यंत उभी राहिले. एकदाही खोकला आला नाही. तुझे आभार मानायचे राहिले, ते असे इथे मानावे लागताहेत.

काल मधुरा गेली. जाताना तुझा सूक्ष्मदर्शक माझ्या टेबलावर ठेवून गेली. "मला याचं काही कळत नाही मावशी, पण आईचं टेबल हेच होतं," म्हणाली. ती गेल्यावर मी ओलं फडकं घेतलं. पंखा बंद केला, नाकाला ओढणी बांधली आणि डबा उघडला. तुझ्याच हातची शेवटची पट्टी. कात्री सरळ चालली, काळजी करू नकोस. एकही दिवस दुसऱ्यात घुसला नाही. जेली जरा जास्त पडली.

सोमवार बघितला. काळं आणि गुलाबी. मंगळवार, तेच. बुधवार, म्हणजे आपण भांडलो तो दिवस, गुलाबी खूप, पण काळं त्याहून दाट. यातला वावळ किती, दुसरं काय किती, मला काय कळणार? त्या दिवसाचा माझा आकडा खाली होता, तो झाडाने की धुळीने, हे सांगणारी तू. मी डोळा लावून बसले आणि मला तुझा भयंकर राग आला. एक झेंडू शिकवलास मला, झेंडू! वावळ शिकवायला काय झालं होतं?

मग गुरुवारचा तुकडा ठेवला. सकाळ तशीच, काळी. आणि दुपारनंतर एकदम काटेरी गोळे. गुलाबी, गोल, अंगभर काटे. एवढे, की मोजायची सोय नाही.

मी खाली जाऊन भालेरावांना विचारलं. ते मान खाली घालून म्हणाले, "मॅडमचा एक हार उरला होता ताई. मग वर जाऊन नाकाला घातला. राहवलं नाय. चुकलं का?" मी म्हटलं, नाही चुकलं. पट्टीवर आहे ते आहे. वर येऊन त्या काचेला नेलपॉलिश लावलं आणि तुझ्या पेटीत दसऱ्याच्या काचांशेजारी ठेवली.

आज सकाळी मेहताभाई कागद घेऊन आले. हळू आवाजात म्हणाले, कुंदाबेनचं फार वाईट झालं, पण आता निदान आपली सही तरी द्या, मीटिंग आहे. मी कागद वाचला. सगळं खरं लिहिलं होतं. या झाडामुळे मला दम लागतो, हे खरंच आहे. खिडकीतून बघितलं, वावळ भुंडाच आहे अजून, डोंगर धुरक्यात गेलेला. छातीत बारीक शिट्टी वाजत होती. मी कागद परत त्यांच्या हातात दिला.

"सही देणार नाही असं नाही म्हणत मी," त्यांना म्हटलं. "पण माझं नि कुंदाचं यावरून भांडण चालू आहे. ते संपलं की देते."

मेहताभाई माझ्याकडे बघत राहिले, मग तुझ्या बंद दाराकडे. कागदाची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरून गेले.

तेव्हा कुंदा, हे भांडण मी आता संपवायची नाही.

मालू